फोन, मेट्रो, ईव्ही... सगळीकडे ॲल्युमिनियम. पण ते जोडणार कोण?

ते रील तुम्हीही पाहिलं असेल. एका हातात तडकलेला ॲल्युमिनियमचा पाइप, दुसऱ्या हातात चकचकीत कांडी आणि समोर छोटा गॅस टॉर्च. पाच सेकंदांत कांडी वितळते, भेग बुजते आणि तो माणूस त्याच पाइपवर हातोडा मारून दाखवतो. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'वेल्डिंग मशीनची गरज नाही!'

मी त्या रीलला फसले. माझी स्कूटी पार्किंगमध्ये आडवी पडली आणि मागच्या सीटचं हँडल बोल्टच्या जवळ तडकलं. ३४९ रुपयांत दहा कांड्या मागवल्या, यूट्यूब लावून बाल्कनीत बसले आणि अर्ध्या तासात भेग बुजवून टाकली. दिसायला एकदम झकास. चार दिवसांनी आई मागे बसली. एका स्पीड ब्रेकरवर तिने हँडल घट्ट धरलं आणि ते जोडातून सुटून तिच्या हातात आलं. गाडी हळू होती म्हणून निभावलं.

मग आमच्या भागातल्या गेट-ग्रिलवाल्याकडे गेले. तो आधी नाहीच म्हणाला, मग माझ्या आग्रहाखातर त्याने प्रयत्न केला. दोन-तीन सेकंदांत हँडलचं टोक वितळून टपकन खाली पडलं. "ताई, सांगितलं होतं ना, जर्मनचं काम आपल्याकडे होत नाही," तो म्हणाला. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. माझी आजीही पातेल्याला जर्मनचं पातेलंच म्हणायची.

शेवटी भोसरी एमआयडीसीत एक आर्गनवाले काका सापडले. त्यांनी हँडल हातात घेतलं, माझ्या कांडीचा थर नखाने खरवडून बघितला आणि हसले. तासाभरात काम झालं. पण त्या तासात ते जे बोलले, त्यामुळे मी बातम्या वेगळ्या नजरेने वाचायला लागले. कारण सध्या टेक्नॉलॉजीच्या बातम्यांत ॲल्युमिनियम सगळीकडे आहे आणि प्रत्येक बातमीच्या पोटात प्रश्न एकच आहे: हे जोडायचं कसं आणि कोणी?

आधी बातम्या बघू

सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ प्रो आला. दोन वर्षं ॲपल टायटॅनियमचं कौतुक सांगत होतं. १५ प्रो आणि १६ प्रो दोन्ही टायटॅनियमचे होते. १७ प्रोमध्ये कंपनी ॲल्युमिनियमवर आली. कारण सरळ आहे, उष्णता. टायटॅनियममधून उष्णता फार हळू बाहेर पडते, ॲल्युमिनियममधून ती साधारण वीसपट सहज वाहते. गेमिंग आणि एआयमुळे चिप तापते, ती उष्णता बॉडीत पसरवायची तर ॲल्युमिनियम बरं. आत थोडं पाणी भरलेली एक चपटी पेटी आहे, तिला व्हेपर चेंबर म्हणतात. ती ॲल्युमिनियमच्या बॉडीला लेझरने वेल्ड केलेली आहे. म्हणजे फोनच्या जाहिरातीत पहिल्यांदाच 'वेल्डिंग' हा शब्द मिरवला गेला असं नाही, पण यावेळी तो मुख्य फीचरचा भाग होता.

दुसरी बातमी आपल्या चाकणची. हिंदाल्कोने तिथे सुमारे ५०० कोटी रुपये घालून इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीसाठी ॲल्युमिनियमच्या पेट्या बनवायचा कारखाना उभा केला. २०२५ मध्ये महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांसाठी पहिल्या १०,००० पेट्या दिल्याचं कंपनीने जाहीर केलं.

तिसरी गोष्ट रोज डोळ्यांसमोरून जाते. पुणे मेट्रोचे डबे ॲल्युमिनियमच्या बॉडीचे आहेत. टिटागढने बनवलेले. सुरुवातीच्या गाड्या इटलीतून आल्या, नंतरच्या पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून. याउलट वंदे भारत स्टेनलेस स्टीलची आहे. तिच्या १०० ॲल्युमिनियमच्या गाड्यांसाठी रेल्वेने काढलेली सुमारे ३० हजार कोटींची निविदा २०२४ मध्ये रद्द झाली. मुद्दा दराचा होता. एका गाडीमागे आलेली किंमत रेल्वेला परवडली नाही.

चौथी बातमी अमेरिकेची, पण तिचं एक टोक मुंबईत आहे. फोर्डची एफ-१५० ही तिकडची सगळ्यात खपणाऱ्या गाड्यांपैकी एक. २०१५ च्या मॉडेलपासून तिची बॉडी ॲल्युमिनियमची झाली. तिला पत्रा पुरवणाऱ्या नोव्हेलिस कंपनीच्या न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो कारखान्यात सप्टेंबर २०२५ मध्ये आग लागली. नोव्हेलिस ही मुंबईतल्या हिंदाल्कोची कंपनी. एका कारखान्याच्या आगीने फोर्डचं उत्पादन अडलं आणि ऑक्टोबरमध्ये फोर्डने दीड ते दोन अब्ज डॉलरच्या फटक्याचा अंदाज दिला.

आता यातला गमतीचा प्रश्न विचारा. ॲल्युमिनियम नाही मिळालं तर फोर्डने तात्पुरतं स्टील का नाही वापरलं? जगात स्टीलच्या पत्र्याला तोटा नाही. तर उत्तर असं, की ती आख्खी असेंब्ली लाइनच ॲल्युमिनियमच्या जोडांसाठी बांधलेली आहे. स्टीलच्या गाडीत पत्रे स्पॉट वेल्डिंगने चिकटवतात. या गाडीत रिव्हेट आणि गोंद आहे. धातू बदलला की जोड बदलतो, जोड बदलला की यंत्रं, माणसं, शिक्षण, सगळंच बदलतं.

ॲल्युमिनियम इतकं नखरेल का?

काकांनी मला हे करून दाखवलं. त्यांनी भंगारातला एक ॲल्युमिनियमचा तुकडा घेतला आणि टॉर्च मारला. मी वाट बघत होते की आता तो लाल होईल. झालाच नाही. तसाच पांढरा, तसाच थंड दिसत होता. आणि अचानक मधूनच खचला.

"लोखंड सांगतं, ताई. आधी लाल होतं, मग केशरी, मग पिवळं. हे काहीच सांगत नाही. दुधासारखं आहे. नजर हटली की उतू गेलंच."

दुधाची उपमा त्यांनी सहज दिली, पण ती फार नेमकी आहे. कारण ॲल्युमिनियमवर सायसुद्धा असते.

ॲल्युमिनियम हवेत आलं की लगेच त्यावर ऑक्साइडचा एक पातळ थर बसतो. इतका पातळ की नॅनोमीटरमध्ये मोजावा लागतो. हाच थर त्याला गंजण्यापासून वाचवतो, म्हणून तर खिडक्या आणि फोन ॲल्युमिनियमचे. पण वेल्डिंगला तोच आडवा येतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं आणि त्यावरची ही साय वितळायला २,००० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे आतलं दूध उकळून पातळ झालंय आणि वरची साय तशीच घट्ट आहे. दोन तुकडे शेजारी ठेवून तापवले तर दोन्ही आतून वितळतात, पण मधे साय असल्यामुळे एकमेकांत मिसळत नाहीत. तोवर सगळंच खचतं. ग्रिलवाल्याच्या हातात माझं हँडल टपकलं ते असं.

यावरचा उपाय म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे नुसतं 'आर्गन' म्हणतात ते टिग वेल्डिंग. टंगस्टनच्या टोकातून ठिणगी काढायची, भोवती आर्गन वायू सोडायचा म्हणजे हवा लागत नाही. पण नुसतं आर्गन पुरत नाही. स्टेनलेस स्टीलला डीसी करंट चालतो. ॲल्युमिनियमला साधारणपणे एसी लागतो. एसीमध्ये करंटची दिशा सेकंदाला अनेकदा उलटसुलट होते. एका दिशेत तो वरची साय फोडतो, दुसऱ्या दिशेत धातू वितळवतो. फोडणं आणि वितळवणं आळीपाळीने चालू. म्हणून बाहेर 'आर्गन वेल्डिंग' अशी पाटी असली तरी आत फक्त डीसी मशीन असेल, तर ते दुकान बहुतेक वेळा तुमचं ॲल्युमिनियमचं काम परत पाठवणार.

दुसरी अडचण, उष्णता पळते. साध्या स्टीलच्या मानाने ॲल्युमिनियममधून ती चार-पाच पट सहज वाहते. जी गोष्ट तुमच्या फोनला थंड ठेवते तीच वेल्डरला छळते. तुम्ही एका जागी उष्णता देताय आणि ती सगळ्या तुकड्यात पसरतेय. म्हणून सुरुवातीला खूप करंट लागतो. मग तुकडा आख्खा तापला की तोच करंट जास्त होतो आणि भोक पडतं. काका पायाखालच्या पेडलने करंट कमी-जास्त करत होते, शिलाई मशीन चालवावं तसं. डोळा जोडावर, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात कांडी, पाय पेडलवर. चारही गोष्टी एकाच वेळी.

तिसरी अडचण, बुडबुडे. फ्रीजमधल्या बर्फाच्या खड्यात मधोमध पांढरे बुडबुडे अडकलेले असतात ना, तसंच. वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन वायू भरपूर शोषून घेतं, पण घट्ट होताना त्याला तो ठेवता येत नाही. सुटायला वेळ मिळाला नाही तर आत बुडबुडे राहतात. हा हायड्रोजन येतो कुठून? दमट हवा, तेल, ग्रीस, हाताचा घाम. म्हणजे पावसाळ्यातला पुण्या-मुंबईचा ओलावासुद्धा जोड बिघडवू शकतो. काकांनी माझं हँडल आधी थिनरने पुसलं, मग स्टेनलेसच्या एका ब्रशने घासलं. तो ब्रश त्यांनी वेगळ्या डब्यात ठेवला होता. त्यावर लाल रंगाने लिहिलेलं, 'फक्त जर्मन'. लोखंड घासलेला ब्रश इथे लावला तर लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथूनच खराबी सुरू होते.

चौथी अडचण सगळ्यात धोकादायक, कारण ती दिसत नाही. चांगल्या प्रतीचं ॲल्युमिनियम नुसतं ओतून मजबूत होत नाही. उदाहरणार्थ ६०६१ नावाचा मिश्रधातू. त्याला आधी पाचशे अंशांच्या वर तापवतात, पटकन थंड करतात, मग कमी तापमानावर काही तास ठेवतात. तेव्हा त्याच्या आत अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि त्यांच्यामुळे ताकद येते. वेल्डिंगची उष्णता लागली की जोडाच्या आजूबाजूला ही सगळी मेहनत पुसली जाते. तिथली ताकद मूळच्या जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे जोड कितीही सुंदर असो, तुटेल तर बहुधा जोडाच्या शेजारी. इन्स्टावर जे 'परफेक्ट वेल्ड' दिसतात, एकावर एक नाणी सरकवून ठेवल्यासारखे, ते बघायला छानच असतात. पण त्यांच्या शेजारचा धातू किती मऊ पडलाय ते कॅमेऱ्यात येत नाही.

आणि माझ्या ३४९ रुपयांच्या कांड्या? त्या खोट्या नव्हत्या. फक्त ते वेल्डिंग नव्हतं. अशा कांड्या बहुतेक जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाच्या असतात आणि ४०० अंशांच्या आसपास वितळतात. म्हणजे मूळ ॲल्युमिनियम वितळतच नाही, कांडीचा धातू त्याला वरून चिकटतो. तांत्रिक भाषेत याला सोल्डरिंग म्हणतात. पृष्ठभाग नीट साफ करून, तुकडा पुरेसा तापवून केलं तर ते एसीचा पाइप किंवा रेडिएटरचं बारीक भोक बुजवायला कामाचं आहे. आईने धरायच्या हँडलला नाही. रीलमध्ये हा फरक कोणी सांगत नाही.

मग कारखाने काय करतात?

एवढे नखरे असलेला धातू लाखोंच्या संख्येने जोडायचा तर प्रत्येक जोडाला एक कसलेला काका बसवणं शक्य नाही. म्हणून कारखान्यांनी वेगवेगळे मार्ग काढले.

पहिला, वितळवायचंच नाही. १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या संस्थेने फ्रिक्शन स्टर वेल्डिंग शोधलं. दोन पत्रे कडेला कड लावून घट्ट धरायचे आणि मधल्या रेषेत गरगर फिरणारी एक खुंटी घुसवून पुढे सरकवायची. घासून उष्णता येते, धातू कणकेसारखा मऊ होतो आणि दोन्हीकडचा एकमेकांत मळला जातो. वितळतच नाही, त्यामुळे बुडबुड्यांचा त्रास नाही, भेगा कमी आणि ताकदही तुलनेने जास्त टिकते. ॲपलने २०१२ च्या आयमॅकच्या पातळ कडा अशा जोडल्या होत्या. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटच्या टाक्यांनाही हीच पद्धत आहे. ईव्हीच्या बॅटरीच्या पेट्यांसाठी ती जगभर वापरली जाते, कारण तिथे लांब, सरळ आणि पाणी न शिरणारा जोड हवा असतो. अडचण एकच. तुकडे जबरदस्त दाबाने आवळून धरावे लागतात. त्यासाठी मोठं यंत्र हवं. गल्लीतल्या दुकानात ते मावणार नाही आणि परवडणारही नाही.

दुसरा मार्ग लेझर. अगदी बारीक जागी, क्षणभर, खूप ऊर्जा. उष्णता पसरायच्या आत काम संपतं. फोनच्या आतल्या नाजूक जोडांना हेच बरं.

तिसरा, वेल्डिंग टाळायचं. फोर्डसारखं रिव्हेट आणि गोंद.

चौथा, जोडच ठेवायचा नाही. टेस्लाने हा मार्ग गाजवला आणि फोनवाल्या शाओमीने तो आपल्या एसयू७ गाडीत उचलला. तिच्या मागच्या बाजूचे ७२ भाग प्रचंड मोठ्या यंत्रात एकाच साच्यात ओततात. ७२ भागांऐवजी एक. जोडणारा माणूस नको आणि जोडही नको.

मेट्रोच्या डब्यांची गोष्ट यांच्या मधली आहे. ॲल्युमिनियम साच्यातून दाबून शेवेसारखं लांबच लांब काढता येतं, फक्त ही शेव आतून पोकळ असते. अशा लांब पोकळ पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून उभ्या लांबीत वेल्ड केल्या की डब्याची भिंत तयार. लांब सरळ जोड यंत्रमानव मारतो. पण कोपरे, कंस, दरवाज्याभोवतीच्या जागा, तपासणीत सापडलेले दोष, तिथे अजूनही परीक्षा पास झालेला माणूसच लागतो.

खरा पेच: जोड कारखान्यात गेला, दुरुस्ती कुठे गेली?

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते इथे.

भारतात ॲल्युमिनियमची कमतरता नाही. चीननंतर सगळ्यात जास्त ॲल्युमिनियम आपण तयार करतो, वर्षाला ४० लाख टनांहून जास्त. कारखानेही येतायत. पण आपल्याकडची वस्तू वर्षानुवर्षं टिकते ती कारखान्यामुळे नाही, नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्यामुळे. लोखंडी चॅसीला भेग गेली, सायलेन्सर सुटला, स्टँड वाकला, तर कुठल्याही तालुक्याच्या गावी शंभर रुपयांत काम होतं. कारण लोखंड माफ करतं. ब्रश मळका असला, हात थोडा हलला तरी चालून जातं. ॲल्युमिनियम माफ करत नाही.

आता ईव्हीची बॅटरीची पेटी घ्या. ती गाडीच्या तळाशी असते. खड्ड्यात दगड लागला, पेटीला चीर गेली, तर काय? आत शेकडो व्होल्टची बॅटरी आहे, त्यामुळे तिथे टॉर्च लावायचा प्रश्नच येत नाही. मोठ्या ओतीव भागाचंही तसंच. ७२ तुकड्यांपैकी एक वाकला तर एक बदलता येतो. एकच तुकडा असेल तर तो आख्खा बदलावा लागू शकतो. अमेरिकेत एफ-१५० ॲल्युमिनियमची झाली तेव्हा बॉडी शॉपवाल्यांना वेगळी हत्यारं, वेगळी जागा आणि नवं प्रशिक्षण घ्यावं लागलं, कारण स्टीलची धूळ ॲल्युमिनियमवर पडलेली चालत नाही. हा सगळा खर्च शेवटी बिलात आणि विम्याच्या हप्त्यात येतो.

म्हणून 'हलकी बॉडी, जास्त रेंज' असं वाचलं की मी आता पुढचा प्रश्न विचारते: तडा गेला तर? गाडी हलकी करण्यात चूक काहीच नाही. ॲल्युमिनियमचं वजन स्टीलच्या एक तृतीयांश आहे. बॅटरी जड असल्यामुळे दुसरीकडे वजन वाचवणं गरजेचंच आहे. पण ज्या वस्तू आपण दहा-पंधरा वर्षं वापरतो, त्यांची दुरुस्ती फक्त कंपनीच्या चार भिंतींत होणार असेल, तर तो सौदा आपल्याला आधी कळायला हवा.

आणि नोकऱ्यांचं काय?

काकांच्या दुकानात दोन मुलं काम करतात. दोघंही लोखंडाचं काम छान करतात. ॲल्युमिनियम आलं की काका स्वतः बसतात. "शिकवत नाही असं नाही," ते म्हणाले. "पण शिकायला माल जाळावा लागतो. आर्गनचा सिलिंडर महाग, कांडी महाग आणि गिऱ्हाइकाच्या जॉबवर तर शिकवता येत नाही. पोरगा वर्षभर भोकंच पाडणार. तेवढा दम कोणाला आहे?"

मला वाटतं सगळा प्रश्न या दोन वाक्यांत आहे. शिकायला माल जाळावा लागतो आणि त्याचा खर्च कोणी करायचा हे ठरलेलं नाही.

आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा असतो. 'वेल्डर जीमॉ अँड जीटॉ' असा वेगळा ट्रेडही आहे, म्हणजे मिग आणि टिगचा. अभ्यासक्रम कागदावर ठीक आहे. पण ॲल्युमिनियमच्या हातासाठी शेकडो तास टॉर्च धरावा लागतो. संस्थेत एसी-डीसी मशीन किती, गॅस किती आणि एका मुलाच्या वाट्याला किती मिनिटं, यावर सगळं अवलंबून. तिकडे मेट्रोच्या कारखान्यात काम मिळवायचं तर ॲल्युमिनियमसाठीची वेल्डरची वेगळी पात्रता लागते, आयएसओ ९६०६-२ सारखी. स्टीलची परीक्षा पास असाल तरी ती इथे चालत नाही.

चाकणमध्ये ५०० कोटींचा कारखाना उभा राहणं ही चांगलीच बातमी आहे. पण तो उभा राहिला म्हणजे शेजारच्या भोसरीतल्या दोन मुलांना ॲल्युमिनियम येईल, असं आपोआप होत नाही. कारखान्याला यंत्रमानव चालवणारे हवेत, नाक्याला हाताने जोडणारे हवेत आणि मधे दोष ओळखून दुरुस्त करणारे हवेत. या तिन्हींसाठी धातू आतून कसा वागतो ते कळणं हाच पाया आहे. ज्या मुलाला करंट, साय, बुडबुडे आणि मऊ पडलेला पट्टा समजलाय, तो टॉर्चवरून रोबोटवर जाऊ शकतो. ज्याला फक्त बटन दाबायला शिकवलंय, त्याचं बटन बदललं की तो थांबतो.

तुमच्या कामाच्या चार गोष्टी

एक, गाडीचा असा कुठलाही भाग ज्यावर जीव अवलंबून आहे, तो रस्त्यावर वेल्ड करून घेऊ नका. अलॉय व्हील, ॲल्युमिनियमचा स्विंगआर्म, हँडलचे क्लॅम्प. हे भाग बहुतेक वेळा उष्णतेची प्रक्रिया करून मजबूत केलेले असतात. वेल्ड केलं की शेजारचा धातू मऊ पडतो. वरून पॉलिश केल्यावर काहीच कळत नाही. बदलणं महाग पडतं, पण तेच बरोबर आहे.

दोन, बॅटरीची पेटी आणि फोन, लॅपटॉपची बॉडी यांच्याजवळ टॉर्च, कांडी, लेझर काहीही नको. आत लिथियम बॅटरी आहे.

तीन, साधं काम असेल, स्टँड, फ्रेम, खिडकी, भांड्याचा कान, तर आर्गनवाल्याला तीन प्रश्न विचारा. मशीन एसी आहे का? ब्रश वेगळा आहे का? कांडी कुठली वापरता? ओतीव भागाला बऱ्याचदा सिलिकॉन असलेली ४०४३ कांडी वापरतात. माझ्या काकांनी तीच वापरली. उत्तर देताना माणूस अडखळला नाही, तर हात बरा असण्याची शक्यता जास्त.

चार, हातात धरायच्या लेझर वेल्डिंग मशीनचे रील सध्या खूप फिरतायत. पिस्तुलासारखं धरलं, ओढलं, झालं. यंत्र चांगलं असू शकतं, पण हा लेझर डोळ्यांना दिसत नाही आणि ॲल्युमिनियम आरशासारखा तो उलटा फेकतं. नेहमीच्या काळ्या काचेवर विसंबू नका. त्या लेझरच्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा लागतो आणि आजूबाजूला उभ्या असलेल्यालाही तो लागतो. रीलमध्ये मागे चहा पीत उभा असलेला मित्र दिसला, तर ते रील शिकण्यासाठी वापरू नका.

आणि ज्यांना हे काम शिकायचंच आहे, त्यांना माझं सांगणं: आयटीआय निवडताना इमारत बघू नका, वर्कशॉप बघा. ॲल्युमिनियमवर प्रत्यक्ष किती तास मिळतात ते तिथल्या मुलांना विचारा. नोकरी देणारा तुमच्या सर्टिफिकेटआधी तुमचा एक जोड मधोमध कापून बघेल.

माझं हँडल अजून टिकून आहे. पैसे देताना मी काकांना विचारलं, किती दिवस चालेल? त्यांनी हँडल एकदा दाबून बघितलं. "हे ओतीव आहे, ताई. मी जोडलंय चांगलं, पण बाजूचं सामान किती थकलंय ते मला दिसत नाही. आईंना मागे बसवणार असाल तर नवीनच टाका. हे सामान बांधायला ठेवा."

मी नवीन टाकलं. ४५० रुपये घेऊन आपल्याच कामावर भरवसा ठेवू नका म्हणून सांगणारा माणूस मला कुठल्याच रीलमध्ये भेटला नव्हता.